घरी येताना

ऑफिसातून घरी चालत येताना तो थोरल्या भावाकडे राहणाऱ्या आईला रोज फोन करायचा. भाजी कसली केली, गुडघा काय म्हणतो, असल्याच गप्पा. घरून काम सुरू झालं आणि ती वाटच संपली. लॅपटॉप मिटेपर्यंत जेवायची वेळ व्हायची. फोन उद्यावर जायचा.

शेवटी बायकोनं बजावलं, "अंधार पडायच्या आत काम बंद. बाहेर एक चक्कर मारून या."

पहिल्याच संध्याकाळी चालता चालता त्यानं आईला फोन लावला. वहिनीनं उचलला.

"भावजी, त्यांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही हो."

"कधीपासून? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"त्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, त्याला कळलं तर तो फोन करायचंच सोडून देईल."