दुसरं आडनाव

दहा वर्षं स्पेनमध्ये काढल्यावर भरतेशला तिथलं नागरिकत्व मिळणार होतं. शपथ बघायला आई-आण्णा इचलकरंजीत मोबाइलसमोर नटून बसले होते.

"इथं दोन आडनावं लागतात," कारकूनबाई म्हणाल्या. "वडिलांचं?"

"चौगुले."

"आईचं?"

"चौगुलेच," तो सवयीनं म्हणाला.

बाई दचकल्या. "दोघं भाऊबहीण आहेत?"

भरतेशनं प्रश्न मराठीत सांगितला. आण्णा खवळले. "लग्न झालं की बायको नवऱ्याच्याच आडनावाची! सांग त्या बाईला."

"माहेरचं लिहा हो, मगदूम!" आई कॅमेऱ्यात तोंड घालून ओरडली.

"चौगुले मगदूम," भरतेशनं सांगितलेलं लिहून बाईंनी मोठ्यानं वाचलं.

आण्णांनी मान फिरवली. "चहा टाक," ते पुटपुटले.

"थांबा जरा. सरकारी काम चाललंय," मगदूमबाई म्हणाल्या.