गमे, वाटे, भासे

लकवा मारल्यापासून गिरधर सरांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पाच महिने झाले होते. मी खापरहून त्यांना भेटायला तळोद्याला गेलो, तेव्हा ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. याच ओसरीवर शाळेआधी आम्ही दहा-बारा जण अलंकारांच्या खुणा घोकायचो. माझ्या घरी कुणी असं पुस्तकी मराठी बोलत नसे. ‘उत्प्रेक्षा’ हा शब्द नीट म्हणता आला, त्या दिवशी मी तो रस्ताभर म्हणत घरी गेलो होतो.

“सर, मी अकील.”

सरांनी मान माझ्याकडे वळवली.

त्यांच्या पत्नी, जसोदाकाकू, त्यांच्याजवळ बसून पेज भरवत होत्या. वाटी खाली ठेवून त्या मोठ्यानं म्हणाल्या, “जणू, गमे, वाटे, भासे. म्हणजे उपमा अलंकार.”

मी चूक सांगायला तोंड उघडलं, तसा त्यांनी माझा हात दाबला आणि तेच पुन्हा म्हणाल्या.

सरांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले, थांबले, परत हलले.

“उत्... उत्प्रेक्षा.”

काकूंनी वाटी उचलली. पुढचा घोट सरांच्या ओठांशी नेला.

निघताना मी दारात म्हणालो, “काकू, बरं झालं तुम्ही चुकलात.”

“चुकनू नही बेटा. तीस वरीस तुम्हना पाठ मी चुल्हाजोडे बशीसन आयकेल शेत. पन चूक आयकीसन गप ऱ्हावानं त्यासले कधीच जमनं नही.”