पेटीतला बास

“जावईबापू, तुमच्या पेट्यांत बास नाही,” अंजनाबाई म्हणाल्या.

स्पीकर पुसता पुसता उज्ज्वलचा हात थांबला. सासूबाईंना हॅनोव्हरला येऊन चार दिवस झाले होते. चार दिवसांत त्यांनी जर्मन ब्रेडला, थंडीला आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याला नावं ठेवली होती. ते सगळं त्याने हसून ऐकून घेतलं होतं. पण हे अति झालं.

कारण बास सोडून उज्ज्वल दुसऱ्या कशावर बोलतच नसे. नागपूरच्या हॉस्टेलात एका घासलेल्या कॅसेटवर त्याने पहिल्यांदा डब ऐकलं, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. डब म्हणजे काय, हे तो भेटेल त्याला सांगे. जमैकातलं एखादं रेगे गाणं घ्यायचं. त्यातला गायक उचलून बाहेर काढायचा. उरलेला बास आणि ड्रम प्रतिध्वनीच्या विहिरीत सोडून द्यायचे. ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याच्यासमोर बसायचं टाळणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढत होती. नोकरीत तो यंत्रांची कंपनं मोजत असे. घरी हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली, योग्य ते अंतर राखून, डबचा जनक किंग टबी याचा फोटो होता. चारशे रेकॉर्डी होत्या. आणि त्याने स्वतः सुतारकाम शिकून बनवलेल्या, कपाटाएवढ्या दोन पेट्या होत्या. त्यांना त्याच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, हा घरातला एकमेव कायदा होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शहरातल्या लिंडन भागात एका सांस्कृतिक केंद्रात त्याचा फोरट्राग होता. आयुष्यातलं पहिलं व्याख्यान. विषय होता, ‘बास पोटाने ऐकावा’. साठ जर्मन तिकीट काढून येणार होते आणि पेट्याही सोबत जाणार होत्या.

“आई, हा माणूस किंग्स्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करायचा,” तो टबीच्या फोटोकडे बोट दाखवत समजुतीच्या सुरात म्हणाला. “अशा लोकांनी हे संगीत घडवलं. त्याला कान तयार व्हावा लागतो.”

“रेडिओ दुरुस्त करायचा? म्हणजे आमच्यातलाच.”

नागपूरला इंदोऱ्यात अंजनाबाईंचं आणि त्यांच्या यजमानांचं, रामदासांचं, लाऊडस्पीकरचं दुकान होतं. तीस वर्षं जयंतीला, लग्नाला, सभेला रामदास खांबावर चढत आणि अंजनाबाई खाली अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसत. रामदास गेल्यावरही त्यांनी पाच वर्षं दुकान एकटीने चालवलं होतं.

“एक पेटी बंद करा बरं,” त्या म्हणाल्या.

“आवाज निम्मा होईल, आई.”

“करा तर.”

वडीलधाऱ्यांचा मान राखायचा म्हणून उज्ज्वलने उजव्या पेटीची वायर काढली आणि रेकॉर्ड पुन्हा लावली. बास आला. दोन पेट्यांतून मिळून येत होता त्याच्या दुप्पट, एकीतून.

त्याने पेटीच्या जाळीला कान लावला.

“दोघी भांडत होत्या एकमेकींशी,” अंजनाबाई म्हणाल्या. “एक पुढं ढकलते तेव्हा दुसरी मागं ओढते. एकीची वायर उलटी आहे.” त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद करायला लावला, पदर खोचला आणि डाव्या पेटीमागे शिरून लाल-काळ्या वायरींची अदलाबदल केली. उज्ज्वलने उजवी पेटीही परत जोडली. “आता लावा.”

सुई टेकली. आवाज जमिनीतून वर आला. कपाटातल्या वाट्या एकमेकींशी बोलायला लागल्या. खिडकीची काच थरथरली. उज्ज्वल मटकन सोफ्यावर बसला. ज्या गोष्टीवर त्याने चौऱ्याऐंशी स्लाइड्स केल्या होत्या, ती अशी पोटात शिरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आतल्या खोलीतून नऊ वर्षांची धम्मदीपा कानांवर हात ठेवून बाहेर आली. “पापा, त्सू लाउट!” असं ओरडली आणि दार आपटून परत गेली.

उज्ज्वलने रेकॉर्ड थांबवली. “पण मी लाल वायर लालमध्येच लावली होती,” तो म्हणाला. “मी लेबलंसुद्धा लावली होती.”

“तुम्ही नीटच लावली असणार.” अंजनाबाई पेटीमागून उठल्या नव्हत्या. वायर पुन्हा सोडवून तिचं टोक त्यांनी डोळ्यांजवळ धरलं होतं. तारेला डावीकडून तीन वेढे देऊन शेंडा आत खोचल्याची खूण अजून तशीच होती. त्यांनी त्या खुणेवरून अंगठा फिरवला. “ही गाठ ह्यांची आहे. हे असंच बांधायचे. ही त्यांनी दोघींनाच शिकवली. एक मी.”

दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांची लेक यामिनी दारातच उभी होती, कणकेने भरलेले हात अंगापासून लांब धरून.

“धम्मदीपा वीस दिवसांची होती,” ती म्हणाली. “तू रेकॉर्ड लावलीस की दचकून उठायची. आवाज कमी कर म्हटलं की तू मला किंग टबी समजावून सांगायचास. मग एक दिवस तू तिचा जन्मदाखला आणायला श्टांडेसआम्टच्या कचेरीत गेलास, तेव्हा मी वायर फिरवली. तू आल्यावर सगळं वाजत होतं, तरी पोर चार तास झोपली. मीही झोपले.”

“नऊ वर्षं!” उज्ज्वल म्हणाला. “नऊ वर्षं मी हे असं ऐकतोय!”

“उद्या साठ लोकांसमोर तुझं हसं झालं असतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून सकाळी आईला म्हटलं, जरा बघ.”

“पण त्याच दिवशी मला सांगायचं नाही?” त्याने विचारलं.

“सांगणारच होते रे,” यामिनी म्हणाली. “तू आलास, रेकॉर्ड लावलीस, डोळे मिटून बसलास. मी चहा घेऊन आले, आता सांगते म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तूच म्हणालास, ‘यामिनी, आज बास काय लागलाय बघ!’”