अजून लाल

शेवंतीच्या पोटावरची जखम छान भरून आली होती. पण बापू ते मान्यच करेनात. मांजरीने टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं पुन्हा अडकवून ते म्हणाले, "टाक्यांपाशी लाल दिसतंय अजून."

नसबंदीला आपल्या गावच्या डॉक्टरांचा हात हलका, असं सांगून त्यांनीच मुलीला मांजरीसकट बोलावून घेतलं होतं. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच मुक्कामी राहिली होती. मांजर बरी झाली की दोघी पुण्याला परत जाणार होत्या.

मुलीने ओला कापूस पोटावरून फिरवला. लाली पुसली गेली.

"बापू, हे कुंकू आहे. आईच्या करंड्यातलं."

बापूंचा उभा जन्म तहसील कचेरीत गेला होता. मुलगी मांजरीची टोपली काढायला उठली, तसं त्यांनी साहेबांपुढे उभं राहिल्यासारखं शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तरी प्रस्तुत मांजरीस आणखी महिनाभर आजारी समजण्यात यावे, ही नम्र विनंती."