बाबांची बाटली

सुनेनं जेवणाच्या टेबलावर जीवनसत्त्वांच्या चार बाटल्या ओळीत मांडल्या. "यांना ऑफिसात ऊन मिळत नाही, म्हणून डी. माझी केसांसाठी. आई, तुमची हाडांसाठी. आणि ही बाबांची, साठीच्या पुढच्यांसाठी खास."

सासऱ्यांच्या हृदयात सहा वर्षांपूर्वी कृत्रिम झडप बसवली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना जन्माची लागली होती. पालेभाज्या जास्त खाल्ल्या तर त्या गोळीचा जोर कमी होतो, मग रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगाचा झटका येऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हापासून सासूबाईंनी घरात पालक शिजवला नव्हता. आमटीवर कोथिंबीरसुद्धा त्या चिमूटभरच घालत.

सुनेनं आणलेल्या बाटलीतली हिरवी कॅप्सूल मात्र रोज नाश्त्यानंतर त्याच आठवणीनं त्यांच्या हातावर ठेवायच्या. जीवनसत्त्वंच ती, त्यांनी कुणाचं काय बिघडणार?

महिन्याभरात बाटली संपत आली. दुसरी मागवायची म्हणून सासूबाईंनी भिंगातून मागची बारीक अक्षरं वाचली. पालक, मेथी, शेवग्याचा पाला. एका कॅप्सूलमध्ये दोन वाट्या पालेभाजीचा अर्क.

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"अहो," त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला, "आपण आत्ताच दवाखान्यात जाऊन येऊ."

"थांब गं," आतून वैतागलेला आवाज आला. "मघापासून एक बटण लागत नाहीये. शिंप्यानं काजं फारच बारीक केलीत."

तो शर्ट ते चार वर्षं घालत होते.