तेलाऐवजी दवाखाना

अप्पांनी मोबाइल लेकीपुढे धरला. “हेमांगी, मी गुडघ्याचं तेल शोधतोय आणि हा मला स्मृतिभ्रंशाचा दवाखाना दाखवतोय. सकाळपासून तेच चाललंय.”

हेमांगीने चहाचा कप खाली ठेवला. तिची कंपनी लोकांनी चुकीचे टाइप केलेल्या शब्दांवर जाहिराती लावत असे. घाईतल्या चुका स्वस्तात जात. पण एखादा माणूस रोजचाच शब्द दर वेळी नव्या तऱ्हेने चुकवू लागला, की त्याच्या चुका असे दवाखाने चढ्या भावाने घेत. डॉक्टरांच्या कितीतरी आधी तो आजार बोटांत दिसे. हेमांगीनेच बसवलेल्या या पद्धतीने आजवर एकदाही दगा दिला नव्हता.

“या जाहिरातवाल्यांचीच काहीतरी गडबड असेल,” अप्पा म्हणाले.

“हो, होतं असं कधीकधी.” तिने मोबाइल घेतला आणि तेच शब्द नीट टाइप केले. दवाखाना गेला आणि तेलाच्या बाटल्या आल्या.

“बघ, तुझ्या हातून कसं बरोबर येतं!” अप्पा खूश झाले. “आता तूच करून देत जा.”