सरांविरुद्धची तक्रार

चौकशी समितीच्या बंद दाराबाहेर डॉ. शलाका बसली होती. आत डॉ. खरवंडीकर होते. डोळ्याची शस्त्रक्रिया तिला त्यांनीच शिकवली होती आणि त्यांच्याविरुद्धची तक्रार तिनेच केली होती. सरांचा हात थरथरतो, त्यापायी एका पेशंटची दृष्टी गेली, असं तिने सहीनिशी कळवलं होतं. तेव्हापासून हॉस्पिटलमध्ये तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

सरांनी सगळं नाकारलं तर? त्यांच्यापुढे तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?

दार उघडलं. सर थेट तिच्याकडेच आले. ती धडपडत उभी राहिली.

“बस गं,” म्हणत ते शेजारच्या खुर्चीवर टेकले. “आजपासून माझ्या शस्त्रक्रिया बंद. तक्रार खरी आहे, असं मीच सांगितलं त्यांना.”

“सर, मला तुमचं वाईट…”

“ऐक. माझ्या बायकोचा मोतीबिंदू पिकून वर्ष होत आलं. कधी करताय, म्हणून ती रोज विचारते. मी आज-उद्या करत राहिलो. तिच्या डोळ्याला हात लावायची माझी छाती झाली नाही. लोकांच्या डोळ्यांना मात्र लावत राहिलो.”

शलाका त्यांच्या शेजारी बसली.

“तिचं ऑपरेशन तू करशील?” त्यांनी खाली बघतच विचारलं.

“करेन, सर.”

तेव्हा कुठे त्यांनी तिच्याकडे पाहिलं.